मुद्दाम

"मॅडम, घरी मी कुणावर आवाज चढवत नाही, ऑफिसातही नाही. पण गाडी चालवायला बसलो की माझं मलाच कळत नाही."

समोर बसलेले गृहस्थ चाळिशीतले, कोथरूडला राहणारे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी बरेच जण येतात. यांना आणलं होतं ते त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या एका वाक्यानं.

सकाळी तिला शाळेत सोडताना कर्वे रस्त्यावर एक वयस्कर सायकलवाला पुढे होता. यांनी हॉर्न दाबून धरला, शेजारून जाताना काच खाली करून नको ते बोलले. तो माणूस गडबडला, कसाबसा पाय टेकवून थांबला. कॅरिअरला लावलेला जेवणाचा डबा रस्त्यावर पडला. मुलगी शाळा येईपर्यंत गप्प होती. संध्याकाळी आईला म्हणाली, "उद्यापासून मी व्हॅननं जाणार."

मी विचारलं, "हॉर्न दाबताना मनात नेमकं काय आलं होतं?"

ते म्हणाले, "मागे गाडी आहे हे माहीत असून हा मुद्दाम मध्ये येतोय."

उशीर झाला की माणूस उतावीळ होतो, पण शिवीगाळ होते ती या 'मुद्दाम'मुळे. एकदा समोरच्यानं आपला अपमान केला असं वाटलं, की छातीत धडधड वाढते, जबडा आवळला जातो आणि स्टिअरिंगवरची पकड घट्ट होते. काचेआड त्याचा चेहराही आपल्याला दिसत नसतो.

आधी आम्ही कागदावर हिशोब मांडला. दोनशे मीटर सायकलच्या मागे ताशी 15 किलोमीटरनं जायला 48 सेकंद लागतात. 40 च्या वेगानं 18. म्हणजे फरक अर्ध्या मिनिटाचा, आणि तो पुढच्या सिग्नलला उभं राहण्यात जातो. ते कागदाकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, की खरा उशीर घरातच होतो, आपण निघतोच दहा मिनिटं उशिरा.

दुसरं काम जरा अवघड दिलं. रविवारी सकाळी भाच्याची सायकल घेऊन त्याच रस्त्यानं नळ स्टॉपपर्यंत जाऊन या, म्हटलं.

पुढच्या भेटीत बोलायचे थांबेनात. "डाव्या कडेनं चालवताच येत नाही हो! चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा खाली, कडेला खडी. उभ्या गाडीचं दार एकदम उघडलं, थोडक्यात वाचलो. आणि मागून एकानं हॉर्न मारला तेव्हा हँडल आपोआप उजवीकडे गेलं. मी मुद्दाम नाही केलं..." इथे ते थांबले.

सायकलचा तोलच मुळी हँडल किंचित इकडेतिकडे करत सांभाळला जातो. त्यात माणूस दचकला तर सायकल कुठेही वळते. म्हणून मागून हॉर्न वाजवणं मला फार धोक्याचं वाटतं. मागे राहावं, शेजारी मीटर-दीड मीटर तरी मोकळी जागा मिळाली की मगच पुढे जावं. सायकलवालेही सिग्नल तोडतात, उलट्या बाजूनं येतात, रात्री दिवा लावत नाहीत, हे मी नाकारत नाही. पण एकीकडे टनभर लोखंड असतं आणि दुसरीकडे नुसतं अंग. सायकलींचं शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात आज जे पोटापाण्यासाठी सायकल चालवतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना दुसरं वाहन परवडत नाही.

आता ते दहा मिनिटं लवकर निघतात. 'मुद्दाम' मनात आलं, की 'खड्डा असेल' असं मोठ्यानं म्हणतात. राग अजून येतो, पण काच खाली जात नाही.

मुलगी अजून व्हॅननंच जाते. आग्रह करू नका, असं मीच सांगितलंय. त्यांनी तिची माफी मागितली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, त्या आजोबांची मागितलीस का?"

तेव्हापासून रोज सकाळी त्या रस्त्यानं जाताना ते कॅरिअरला डबा लावलेली सायकल शोधतात. अजून दिसलेली नाही.