वन रूम किचनमध्ये नाताळची सजावट कशी करावी?

एवढ्या घरात झाड घेऊ नका, चालायची जागाही उरणार नाही. खिडकीत कागदी चांदणी टांगा. आत दिवा लावला की रस्त्यावरूनही दिसते. पण माझा सगळा जीव गोठ्यात, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यात! वसईत, गोव्यात घरोघरी करतात. टीव्हीशेजारची हातभर फळी पुरते. १२ डिसेंबरच्या सुमारास उथळ ताटलीत माती घालून नाचणी दाट पेरा, रोज हलकं पाणी शिंपडा. नाताळपर्यंत कोवळं हिरवं कुरण तयार. मूर्ती चार बोटं उंच असल्या तरी पुरे. बाळ येशू मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीच ठेवायचा, तोही घरातल्या लहानग्याच्या हातून. वरून पिवळसर दिव्यांची एकच माळ सोडा. हे सगळं ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत राहू द्या.