'प्रोड्यूसर' म्हणजे निर्माती नव्हे!

प्रश्न असा आला आहे: एडिथ क्रेग (१८६९–१९४७) या इंग्रज नाट्यकर्मीच्या कामकाजाच्या पत्रव्यवहारावर लेख लिहायचा आहे, तर 'प्रोड्यूसर'ला 'निर्माती' म्हणावे का?

मुळीच नाही. हा घोटाळा इतक्यांदा वाचला आहे की आता चीड येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात नाटक बसवणाऱ्याला 'प्रोड्यूसर' म्हणत. एडिथबाईंनी १९११ साली लंडनमध्ये 'पायोनियर प्लेअर्स' ही संस्था काढली आणि तिथे नाटके बसवली. प्रयोग सभासदांपुरते, खासगी, त्यामुळे सेन्सॉरने अडवलेले शॉचे 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन'ही १९१२ मध्ये त्यांना करता आले. आणि त्याच काळात डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरच्या लेडी ग्रेगरी 'डायरेक्टर' होत्या, म्हणजे कवी येट्स यांच्यासह कंपनीच्या संचालक. तेव्हा तिथल्या 'डायरेक्टर'ला दिग्दर्शिका करू नका, आणि लंडनच्या 'प्रोड्यूसर'ला निर्माती करू नका.

मग एडिथबाईंना काय म्हणायचे? आपल्या नाटक मंडळ्यांनी या कामाला फार सुरेख शब्द दिला होता: तालीममास्तर. गोविंद बल्लाळ देवलांची ख्याती नाटककार म्हणून जेवढी, तेवढीच तालीममास्तर म्हणून.

'तालीम' हा 'ताल'पासून आला, तालात बसवणे म्हणजे तालीम, असे काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. साफ चूक. मग तो '-ईम' कुठून आला, ते सांगा! शब्द अरबी आहे. मूळ धातू तीन व्यंजनांचा, अर्थ जाणणे. त्यातूनच इलम, आलिम, उलेमा. जे जाणलेले ते मालूम, आणि दुसऱ्याला जाणते करणे ती तालीम. साचा पडताळायचा असेल तर शेजारचे कुटुंब पाहा: हासील, महसूल, तहसील. महसूल जसा तसाच मालूम, तहसील जशी तशीच तालीम. अरबीचा एक शब्दही न शिकता आपल्या मामलेदार कचेरीतून हे व्याकरण उलगडते, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

हिंदी-उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. गांधीजींची 'नयी तालीम' वर्ध्याची, पण अर्थ तोच. मराठीने मात्र शिकवण्याचा घाम पकडला. म्हणून पैलवानांचा आखाडा ती तालीम, आणि नटांचा सराव तीही तालीम. पुण्याच्या 'गुरुजी तालीम' गणपतीच्या नावात तो आखाडा अजून आहे. 'मास्तर'ही मोठ्या घरचा: लॅटिन 'मॅजिस्टर' इंग्रजीतून आला तो मास्तर, पोर्तुगीजांकडून आला तो मेस्त्री. वर्गातले मास्तर आणि बांधकामावरचे मेस्त्री सख्खे भाऊ आहेत!

एडिथबाई दिग्दर्शनाआधी रंगभूमीसाठी कपडे शिवण्याचा व्यवसाय चालवत. म्हणजे 'रंगीत तालीम' त्यांना दोन्ही अंगांनी ठाऊक होती. मी त्यांना बिनदिक्कत 'तालीममास्तरीण' म्हणेन. मास्तरचे मास्तरीण मराठीने कधीच केले आहे. संपादकांना ते रुचले नाही तर 'दिग्दर्शिका' लिहा, पण ग पाय मोडूनच. 'दिगदर्शिका' नको.