वाचकांचे प्रश्न : परवानगीच्या फाईलवर बातमीचे स्वातंत्र्य

प्रश्न : वर्तमानपत्र काढायचे तर नोंदणी पुरते, पण वृत्तवाहिनीला मात्र केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. हा फरक का? आणि सरकारवर टीका केली म्हणून ही परवानगी काढून घेता येते का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते स्पष्ट आहे. टीकेच्या कारणावरून परवानगी काढून घेता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(2) मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची मोजकीच कारणे दिली आहेत. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान ही त्यांपैकी काही. सरकारची नाराजी त्यांत कोठेही नाही.

आता परवानगीविषयी. क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेशी झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल दिला आणि प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याने त्यांच्या वापराचे नियमन आवश्यक आहे, असे सांगितले. सरकारी बाजूने या निकालाचा एवढाच भाग वारंवार पुढे केला जातो. त्याच निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी हे नियमन समाजाच्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरणाकडे द्यावे आणि त्यासाठी केंद्राने तातडीने पावले उचलावीत, असेही बजावले होते. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. 1997 मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली, पण तिचा कारभार आकाशवाणी आणि दूरदर्शनपुरता. खासगी वाहिनीची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिली आणि तिच्यासाठी गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरीही लागते.

याचा परिणाम काय होतो, हे ‘मीडियावन’ या मल्याळम वाहिनीच्या प्रकरणात दिसले. तिची दहा वर्षांची मुदत 2021 मध्ये संपली, गृह मंत्रालयाने मंजुरी नाकारली आणि 31 जानेवारी 2022 रोजी प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश निघाला. कारण विचारल्यावर ‘राष्ट्रीय सुरक्षा’ एवढेच उत्तर मिळाले. केरळ उच्च न्यायालयात सरकारने आपली कागदपत्रे सीलबंद लिफाफ्यातून न्यायाधीशांच्या हाती दिली. ज्या वाहिनीचे अस्तित्व त्या कागदांवर ठरणार होते, तिच्या वकिलांना त्यांतली एक ओळही वाचता आली नाही. न वाचलेल्या आरोपाचे खंडन कोणी कसे करावे? उच्च न्यायालयात वाहिनी हरली. 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र बंदी रद्द केली, या लिफाफा पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले आणि सरकारच्या धोरणांवर टीका करणाऱ्या वाहिनीला ‘व्यवस्थाविरोधी’ ठरवण्यामागे वृत्तमाध्यमांनी सरकारची पाठराखण केलीच पाहिजे ही अपेक्षा दडलेली आहे, हे स्पष्ट केले.

हा निकाल मोलाचा आहे, तरी मला चिंता वाटते ती न्यायालयापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या गोष्टींची. नूतनीकरणाचा अर्ज मंत्रालयात पडून असताना रात्री नऊच्या बातम्यांत काय घ्यायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणाऱ्या संपादकाला कोणी लेखी आदेश देण्याची गरज उरत नाही. आणीबाणीत सेन्सॉरशिपचा निषेध म्हणून काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती आणि वाचकाला त्या कोऱ्या चौकटीतून सगळे कळले होते. दूरचित्रवाणीवर अशी कोरी चौकट दिसत नाही, कारण गाळलेल्या बातमीची जागा पुढची बातमी लगेच भरून काढते आणि काय गाळले गेले, हे प्रेक्षकाला कळतही नाही.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : नियमन असायला हरकत नाही, पण ज्याच्या कारभाराची बातमी द्यायची, त्याच्याच टेबलावर परवानगीची फाईल असता कामा नये. 1995 च्या निकालात सांगितलेले ते स्वायत्त प्राधिकरण अजूनही स्थापन झालेले नाही.