ताम्रपटातली आळंदी कोणती?

प्रश्न : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या शके ६९० मधील तळेगाव ताम्रपटात पूनक विषयातल्या (विषय म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग) आळंदीचा उल्लेख असल्याचे वाचले. ही ज्ञानेश्वरांचीच आळंदी का? आणि या ताम्रपटावरून पूनक विषयाचा, म्हणजे तत्कालीन पुणे परिसराचा, नकाशा काढता येईल का?
– एक वाचक, सासवड

उत्तर : ही ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे. या ताम्रपटान्वये इ. स. ७६८ मध्ये कुमारीग्राम हे गाव भामरोपर, अरलुव, सिंदीग्राम व तडवळे या गावांसह दान दिले गेले आणि दानपत्रांच्या शिरस्त्याप्रमाणे त्याची चतुःसीमाही नोंदवली गेली : पूर्वेस खंभग्राम, वोरिमग्राम व दाडिमग्राम, दक्षिणेस डोंगर, पश्चिमेस आळंदीयग्राम व थिउरग्राम, आणि उत्तरेस मुइला नदी. थिउर म्हणजे थेऊर आणि मुइला म्हणजे आजची मुळा-मुठा. नदी हीच उत्तर सीमा असल्यामुळे दानाची सारी जमीन तिच्या दक्षिणेला येते. इंद्रायणीकाठची आळंदी नदीपलीकडे, बरीच उत्तरेला आहे. ती या गावांची पश्चिमेकडची शेजारीण होऊच शकत नाही. थेऊरच्या दक्षिणेला असलेली म्हातोबाची आळंदी, जिला पूर्वी चोराची आळंदी म्हणत, ती मात्र या वर्णनात चपखल बसते.

एकदा थेऊर आणि आळंदी हे दोन खुंटे पक्के झाले की बाकीची गावे आपोआप जागेवर येतात. अरलुव म्हणजे उरुळी, सिंदीग्राम म्हणजे शिंदवणे, भामरोपर म्हणजे भवरापूर. पूर्वेकडची खामगाव, बोरी आणि डाळिंब ही गावे आजच्या दौंड तालुक्याच्या बाजूला सापडतात, आणि दक्षिणेचा डोंगर म्हणजे शिंदवणे घाट ज्या रांगेतून पुरंदरात उतरतो ती भुलेश्वराची रांग. कुमारीग्राम म्हणजे कोरेगाव मूळ, ही ओळख नुसत्या उच्चारसाम्यावर उभी केली असती तर मी ती मान्य केली नसती, कारण कोरेगावे पुणे जिल्ह्यातच अनेक आहेत. तिला वजन येते ते शेजारच्या गावांमुळे. हौशी अभ्यासक नेमके उलटे करतात : आधी गावाचे नाव जुळवतात आणि मग सीमा ओढूनताणून बसवतात. ताम्रपट जिथे सापडला तिथेच दानाची जमीन शोधणे ही आणखी एक चूक. तो पत्रा दानग्राहकाच्या वंशजांबरोबर कुठेही जातो, आणि इथेही तळेगाव दानभूमीपासून दूरच आहे.

नकाशाविषयी मात्र हात आखडता घ्यावा लागेल. या ताम्रपटातून मिळतो तो गावांचा एक पुंजका. पूनक विषय कुठे संपत होता, हे त्यात कुठेही सांगितलेले नाही. म्हणून नकाशावर ठिपके द्यावेत, सलग रेघ ओढू नये. ती रेघ सांडस, पाटस, कऱ्हेपठार या पुणे प्रांतातल्या तर्फांच्या सीमांवरून उसनी घेण्याचा मोह होतो. पण तर्फा हे राष्ट्रकूटांनंतर कित्येक शतकांनी आलेल्या राजवटींचे महसुली विभाग आहेत आणि त्यांच्या सीमा कारभाराच्या सोयीने बदलत गेल्या. गावांच्या शिवा त्यामानाने चिवट असतात. त्यामुळे मोजणी खात्याचे गावनकाशे हाताशी घेऊन, बेचिराख गावांच्या नोंदी तपासत, एकेक शीव जोडत जाणे हेच अधिक भरवशाचे. तडवळ्याचे स्थान आज तरडे गावाशी जोडले जाते, तेही याच रीतीने शिवारात जाऊन पडताळून पाहण्याजोगे आहे.