आईंच्या माघारी नवरात्र

भाद्रपद संपत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला येतो. विचारणारी बहुतेक वेळा घरातली सून असते. "सासूबाई होत्या तोवर सगळं रीतसर व्हायचं. आता माझ्याच्याने होत नाही. कमी केलं तर चालेल का? घरावर काही येणार नाही ना?" शेवटचं वाक्य हळूच येतं. नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या बाईला ते मोठ्याने विचारायचा संकोच वाटतो. खरं तर त्यात संकोचण्यासारखं काही नाही. ज्या घरात आपण पंधरा-वीस वर्षं देवापुढे हात जोडले, त्या घराबद्दल अशी धास्ती वाटणं साहजिक आहे.

या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही. एका कुटुंबाबरोबर 2024 च्या नवरात्रापासून पुढचे चार महिने मी काम केलं, ते सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई एकेचाळीस वर्षांच्या, सहकारी बँकेत नोकरी. घरात नवरा, सासरे, पंधरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. सासूबाई 2023 च्या आषाढात गेल्या. त्या वर्षी घरात सण झालेच नाहीत. दिवाळीला शेजारच्यांनी आणि नणंदेने फराळाचे डबे आणून दिले, दाराला तोरण नव्हतं, कोणी काही विचारलं नाही. सुतक-दुखवट्याच्या रीती घराघरांत वेगळ्या असतात, पण अनेक घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण करत नाहीत. मला या रीतीत एक शहाणपण दिसतं. त्या वर्षात माणसाला 'आनंदी दिस' असं कोणी म्हणत नाही.

पण ती सवलत वर्षाने संपते आणि कठीण काळ बऱ्याचदा तिथून सुरू होतो. दुसऱ्या वर्षी सगळे म्हणतात, आता करा. आणि मग कळतं की जे करायचं ते सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं, आणि ते माणूस नाही.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा पितृपंधरवडा चालू होता, अविधवा नवमी नुकतीच झाली होती. त्यांनी पर्समधून कागद काढला. घटस्थापना 3 ऑक्टोबरला. नऊ दिवस अखंड दिवा, रोजची माळ, अष्टमीचा होम, कुमारिका, सवाष्ण. मग दसरा, कोजागरी, वसुबारसेपासून भाऊबीज, तुळशीचं लग्न, मार्गशीर्षातले चार गुरुवार, भोगी, संक्रांत, आणि हळदीकुंकू थेट रथसप्तमीपर्यंत, म्हणजे 4 फेब्रुवारी. मी मनात मोजलं, सव्वाशे दिवस. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे आईंनी कधी लिहून ठेवलं नव्हतं. मी आठवून आठवून लिहिलंय. काही राहिलं असेल तर मला कळणारही नाही." आणि रडायला लागल्या.

इथे माझी चूक झाली. समोर थकलेली बाई होती आणि मला तिचं ओझं लगेच उतरवायचं होतं. आम्ही त्या कागदावर तीन खुणा केल्या: ठेवायचं, कमी करायचं, सोडायचं. अखंड दिव्यापुढे मी 'कमी' लिहायला सुचवलं. रात्री दोनला आणि चारला उठून तेल घालायचं आणि सकाळी नऊला बँकेत पोचायचं, हे नऊ दिवस कसं जमणार? सकाळ-संध्याकाळ दिवा लावला तरी पुरे, असं माझं मत. ताईंना ते पटलं, निदान तसं मला वाटलं.

चार दिवसांनी त्या परत आल्या. रात्री जेवताना त्यांनी सांगितलं की यंदा अखंड दिवा नको. नवरा काही बोलला नाही. भाताचा घास तसाच ठेवून पानावरून उठला. सासरे म्हणाले, "तुला जमत नसेल तर नको करू बाई," आणि या वाक्याने ताईंना नवऱ्याच्या उठण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्या लक्षात आलं ते असं. वर्षानुवर्षं ताई काम करत होत्या. आता मी त्यांच्यावर निवाड्याचंही काम टाकलं होतं. काय मोडायचं हे त्यांनी एकटीने ठरवायचं आणि घरच्यांना कळवायचं. घरच्यांच्या कानांना ते 'दिवा नको' असं ऐकूच आलं नाही, 'आई आता नाही' असं ऐकू आलं. सणातली एखादी गोष्ट कमी करणं हादेखील दुःखाचाच भाग असतो, आणि घरातल्या एकाने ते परस्पर उरकलं की बाकीच्यांच्या वाट्याचं राहून जातं.

2 ऑक्टोबरला सगळ्यांना सुट्टी होती. मी पाचही जणांना बोलावलं. घट दुसऱ्या दिवशी बसायचे होते, वेळ नव्हता. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि एवढंच म्हटलं: दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतची अशी एकच गोष्ट लिहा, जी झाली नाही तर सण झाल्यासारखा वाटणार नाही.

मुलाने लगेच लिहिलं, किल्ला. आजी त्याच्या किल्ल्यावर हळीव पेरायची, ते उगवून हिरवं व्हायचं. सासऱ्यांनी बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. मग लिहिलं: दसऱ्याला टोपीत धान. घटात उगवलेली गव्हाची पिवळी रोपं त्यांच्या टोपीत सासूबाई खोवायच्या, लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला. नवऱ्याची चिठ्ठी मला अनपेक्षित होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसल्यावर आई पाठीला तेल लावायची. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, हे लिहून खाली बघत बसला. मुलीने लिहिलं: आईने दिवाळीत चिडू नये.

ताईंची चिठ्ठी कोरी होती. म्हणाल्या, "मला काहीच सुचत नाही. या घरात मला काय आवडतं असं कोणी विचारलंच नव्हतं." तक्रारीचा सूर नव्हता, त्यांनाही ते तेव्हाच कळत होतं. मी चिठ्ठी त्यांच्याकडेच राहू दिली.

आता एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. 1980 साली स्टीव्हन वोलिन आणि लिंडा बेनेट यांनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. ज्या घरांनी व्यसनाला आपल्या एकत्र जेवणात, सणावारांत शिरून ते उधळू दिलं नाही, त्या घरांत व्यसन पुढच्या पिढीत कमी उतरलेलं दिसलं. मी यातून माझ्या कामापुरतं घेते ते हे: घराला धरून ठेवण्यात सणांचा वाटा असतो, त्यामुळे 'झेपत नाही तर सोडून द्या' हा सल्ला वरवरचा ठरतो. मात्र पाच चिठ्ठ्यांत मला ना सात तऱ्हांचा फराळ सापडला, ना एकवीस सवाष्णी. ज्या कामांनी ताई मोडून पडत होत्या, त्यांची मागणी घरात कोणाचीच नव्हती.

दिव्याचं मात्र अडलं होतं. तेव्हा सासरेच म्हणाले, "रात्री मला तशीही झोप नाही. तेल मी घालतो." हे ऐकून मला बरंही वाटलं आणि कानही टवकारले. मी त्यांना वेगळं विचारलं: जेवण किती, वजन किती उतरलं, जगण्यात रस वाटतो का. घरातलं माणूस जाऊन वर्ष उलटलं, तरी झोप-भूक परतली नसेल, रोजचे व्यवहार अडत असतील, तर 'वयामुळे आहे' म्हणून सोडू नये. त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांचे उपचार पुढे चालू राहिले. तुमच्याकडे असं कोणी असेल आणि कुठे जायचं ते कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक आहे.

पाचव्या माळेच्या रात्री ताईंना जाग आली. देवघरात अंधार होता. सासऱ्यांचा खुर्चीत डोळा लागला होता आणि दिवा विझला होता. ताई मला सांगत होत्या, "माझे पायच गेले. वाटलं, झालं, आता काहीतरी होणार. मुलांच्या खोलीत जाऊन दोघांचे श्वास बघून आले." तेवढ्यात सासरे जागे झाले. त्यांनी काडी ओढली, वात पुढे सारली, दिवा लावला आणि हात जोडले. मग म्हणाले, "घाबरतेस कशाला? हिच्याच्यानेही विझायचा. दर नवरात्रात एकदा तरी. ती उठून लावायची आणि मला म्हणायची, कोणाला सांगू नका."

ताई सोळा वर्षं त्या दिव्याकडे बघत होत्या. तो कधीच विझला नाही, असं त्यांना वाटत होतं.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प होतो. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आईंनाही भीती वाटत होती." मी होय म्हटलं. सासूबाईंना पहिल्यांदाच त्या आपल्यासारखी एक बाई म्हणून बघत होत्या. माझ्या कुठल्याही सल्ल्याने हे झालं नसतं.

दसऱ्याला टोपीत धान नातीने खोवलं. दिवाळीचं थोडक्यात सांगते: चकल्या विकत आणल्या, चिवडा नवऱ्याने केला, अनारसे कोणी केले नाहीत. नरक चतुर्दशीला, 31 ऑक्टोबरच्या पहाटे, सासऱ्यांनी आपल्या मुलाच्या, म्हणजे ताईंच्या नवऱ्याच्या, पाठीला तेल लावलं. दोघं बापलेक दीड वर्षात सासूबाईंबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. त्या पहाटेही बोलले नाहीत. पण नवऱ्याने नंतर मला सांगितलं की तो न्हाणीघरात रडला आणि बाहेर येऊन मुलाबरोबर फटाके उडवले. त्याला वाटत होतं, आपण दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं केलं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलंय की दुःखातला माणूस अशीच ये-जा करत असतो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोरच्या आयुष्याकडे. त्यातलं खोटं काहीच नसतं.

भाऊबीजेला नवऱ्याच्या मावशी, म्हणजे सासूबाईंच्या बहीण, म्हणाल्याच: "आमची ताई असती तर अनारसे झाले असते." या वाक्याची आम्ही आधीच तयारी केली होती. उत्तर ताईंनी द्यायचं नाही, नवऱ्याने द्यायचं, आणि वाद घालायचा नाही. तो म्हणाला, "हो मावशी, आईचे अनारसे आईचेच. आम्हालाही फार आठवण येते." मावशींचे डोळे भरले आणि विषय संपला. सुनेने हेच वाक्य म्हटलं असतं तर ते सबब वाटलं असतं. म्हणून मी नवऱ्यांना सांगते, तुमच्या नातेवाइकांना तुम्ही उत्तर द्या.

मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं ताईंना विशेष दडपण होतं. तिथे मी त्यांना एक फरक विचारात घ्यायला सांगितला. कुळाचार घराचा असतो. व्रत मात्र ज्याने धरलं त्याचं असतं. सासूबाईंनी गुरुवार स्वतःच्या इच्छेने धरले होते. ताईंनी घरच्या गुरुजींना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. मनावरचा भार एका प्रश्नाने उतरणार असेल, तर आपला ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना जरूर विचारावं.

आणि ती कोरी चिठ्ठी. नोव्हेंबरच्या अखेरीस ताई ती घेऊन आल्या. तिच्यावर लिहिलं होतं, चंपाषष्ठी. त्यांच्या माहेरी खंडोबा. चातुर्मासात वांगं बंद, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी उचलायची, 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर. सासरचं कुलदैवत तुळजाभवानी, म्हणून लग्नानंतर त्यांनी हा दिवस कधी घरात काढलाच नाही. 7 डिसेंबरला तो झाला. भंडारा उधळल्यावर सासरे म्हणाले, "अगं, एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईंनी शेजारच्या काकूंना बोलावलं. काकूंचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. सासूबाई त्यांना वाण घरी नेऊन देत, समारंभाला बोलावत नसत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, ते ताईंनी वाचलं होतं. या वेळी त्यांनी घरात कोणाचं मत घेतलं नाही. ते बरोबरच होतं असं मी मानते. दुसऱ्याचा अपमान करणाऱ्या रीतीसाठी चिठ्ठ्या टाकायची गरज नसते.

रथसप्तमीनंतर आमच्या भेटी थांबल्या. मग 2025 च्या सप्टेंबरात ताईंचा फोन आला. त्या वर्षी तिथी वाढल्यामुळे घट 22 सप्टेंबरला बसून दसरा 2 ऑक्टोबरला होता, म्हणजे नवरात्र दहा दिवसांचं. घरात दिव्याच्या रात्री वाटून झाल्या होत्या. तीन सासऱ्यांच्या, तीन नवऱ्याच्या, दोन ताईंच्या, एक मुलीची. ही वाढीव दहावी रात्र मुलाने मागून घेतली होती. दहा वर्षांचं पोर, उशाशी गजर लावून झोपणार होतं. ताईंनी विचारलं, "झोप लागली आणि विझला तर?" तो म्हणाला, "मग लावीन ना परत. आजी लावायचीच की."