घरी एस्प्रेसो आणि फिल्टर कॉफी दोन्ही चांगल्या करायच्या आहेत. ४०,००० रुपयांचं मशीन घेऊ का? आणि चिकोरीची भेसळ नसलेली पूड कशी ओळखायची?

मशीन आत्ता घेऊ नका. आधी चांगला ग्राइंडर घ्या आणि उरलेल्या पैशांत ताज्या भाजलेल्या बिया आणत राहा. चिकोरीचं खाली सांगते, त्यावर मला बरंच बोलायचं आहे.

तुमचा प्रश्न वाचला आणि माझे मोठे दीरच डोळ्यांसमोर आले. ठाण्याला त्यांच्याकडे गणपती असतो, आम्ही सगळे तिथे जमतो. एका वर्षी त्यांनी नवंकोरं एस्प्रेसो मशीन आणलं होतं. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि भाऊजींनी सगळ्यांना ओट्यापाशी बोलावलं. खोक्यावर '१५ बार' छापलेलं होतं (बार म्हणजे दाबाचं माप), ते प्रत्येकाला दाखवलं. मग बटण दाबलं. फिकट, पाणचट धार भसाभसा खाली आली आणि कप भरलासुद्धा. वर फेस होता, पण मोठाल्या बुडबुड्यांचा. साखर ढवळेपर्यंत तो बसला. पहिला घोट आंबट आणि घशात राहिलेली चव जळकट. जाऊबाईंनी गुपचूप आणखी साखर घातली, मुलांनी दूध मागितलं. मी एवढंच विचारलं, "भाऊजी, पूड कधीची आहे?" तर म्हणाले, "पुडीचं काय घेऊन बसलीस? तुझ्या त्या फिल्टरमध्ये निम्मी चिकोरीची भेसळ असते. ही खरी कॉफी. जिभेला सवय हवी."

सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले. सणाचा दिवस होता, घर त्यांचं होतं, मी गप्प बसले. पण माझ्या आईकडे रोज पहाटे फिल्टर लागायचा. दर आठवड्याला माटुंग्याहून डोळ्यांसमोर दळून आणलेली पूड, तीही १०० ग्रॅमच, कारण जास्त आणली तर वास उडतो. त्या घरात वाढलेल्या मुलीला कॉफीची सवय लावायला निघाले होते ते.

पुढे काही दिवसांनी त्यांनी मशीन बिघडलंय म्हणून माणूस बोलावला. त्याने रबरी गॅस्केट तपासलं, पाणी सोडून पाहिलं आणि मशीन ठणठणीत आहे असं सांगून गेला. खरंच ठणठणीत होतं. बिघाड होता तो पाकिटात. आधीच दळलेली पूड, भाजल्याची तारीख कुठेच नाही, आणि दळण इतकं जाड की पाणी त्यातून अडल्याशिवायच निघून जात होतं.

शेवटी एका रविवारी मी माझा हाताने फिरवायचा ग्राइंडर, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि चिकमगळूरच्या बियांचं पाकीट घेऊन ठाण्याला गेले. बिया भाजून आठवडा झालेला होता. एस्प्रेसोला तेवढं थांबावं लागतं, अगदी ताज्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि धार नीट पडत नाही. आधी मशीनमधली बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीची वाटी, काढली. ती दुहेरी तळाची होती. वरून जाळी दिसते, पण खालच्या तळाला टाचणीएवढं एकच भोक असतं. त्यातून जोराने बाहेर पडताना कशालाही फेस येतो, शिळ्या पुडीलासुद्धा. साधी एकेरी बास्केट खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकमध्ये तशीच पडलेली होती.

१८ ग्रॅम बिया दळल्या. पहिल्या खेपेला दळण फार बारीक झालं, नुसते थेंब पडत राहिले. ग्राइंडर दोन क्लिक सैल केला. मग सुरुवातीला काहीच आलं नाही, मग काळपट थेंब, मग सलग बारीक धार, आणि हळूहळू तिचा रंग मधासारखा झाला. काट्यावर ३६ ग्रॅम दिसताच बंद केलं. २८ सेकंद. वरचा थर दाट, तांबूस, चमच्याने बाजूला सारला तरी परत मिटणारा.

भाऊजींनी कप उचलला, साखरेशिवाय संपवला, आणि जाऊबाईंना म्हणाले, "बघ, मशीन आता रुळलं."

मशीन रुळत नसतं हो! ते पाणी तापवतं आणि दाबाने ढकलतं, संपलं. एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बार दाब आणि ९० ते ९६ अंश पाणी. १५ बार हा पंपाचा जास्तीत जास्त दाब, तो खोक्यावर छापायला बरा दिसतो. मिलानच्या अकिले गाजियाने १९४०च्या दशकात स्प्रिंगच्या दांड्याचं यंत्र आणलं आणि कॉफीवर पहिल्यांदा तो दाट थर दिसू लागला. त्या यंत्राला विजेचा पंपच नव्हता, दांडा माणूस ओढायचा. विजेच्या पंपाचं गाजलेलं यंत्र, फाएमा कंपनीचं ई६१, आलं १९६१ मध्ये. म्हणजे पंपाच्या आधीही लोक उत्तम एस्प्रेसो पीत होते. नीट दळलेल्या कॉफीशिवाय मात्र कुणीही, कधीही प्यायलेलं नाही.

म्हणून ग्राइंडर. तोही दोन चाकांमध्ये बी चिरडणारा बर ग्राइंडर, पात्यांचा नको. मिक्सरमध्ये निम्मी धूळ होते आणि निम्मे तुकडे राहतात. धुळीतून कडवटपणा उतरतो, तुकड्यांमधून आंबटपणा, आणि एकाच कपात दोन्ही येतात. आंबट लागली तर दळण बारीक करा, कडू लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

फिल्टरचं निम्मं काम तुम्हाला येतच असेल, त्यामुळे लोक जिथे चुकतात तेवढंच सांगते. पूड दाबून बसवू नका, चकती नुसती टेकवा. २० ग्रॅम पुडीला १०० ते १२० मिली पाणी, उकळी थांबल्यावर ओतलेलं. मग भांडं आपटू नका, हलवू नका, आपोआप उतरू द्या. खाली उतरलेला दाट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, पुन्हा कधीही उकळायचं नाही. कपात घ्यायचं आणि वरून उकळतं दूध. वरच्या भांड्याची भोकं बुजली असतील तर तळ गॅसच्या ज्योतीवर धरा, अडकलेली पूड जळून जाते. पूड फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल धरते.

आता चिकोरी. ते एका रोपाचं मूळ आहे, भाजून दळलेलं. आपल्याकडे मुख्यतः गुजरातेत पिकतं. त्यात कॅफिन नसतं. ती पाण्यात कॉफीपेक्षा जास्त विरघळते, म्हणून डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा येतो आणि भरपूर दुधातही कॉफी हरवत नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली, तेव्हा कॉफीच्या टंचाईत फ्रेंचांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि पुढे ती त्यांच्या आवडीचीच झाली. भेसळ म्हणजे लपवून घातलेली वस्तू. आपल्या कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. ५३:४७ (आधी कॉफी, मग चिकोरी) असलं काही दिसलं तर ते पाकीट मीही घेत नाही, त्यात मूळच प्यायल्यासारखं वाटतं. ८५:१५ घ्या. त्यातली कॉफी पीबेरी आणि प्लँटेशन ए (बियांच्या दोन प्रती) अशी मिसळून दळून घेतलीत तर उत्तमच. आणि चिकोरीची पूड एस्प्रेसो मशीनमध्ये घालू नका, चिकट होऊन बसते.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर भाऊजी अजूनही त्या मशीनचे फोटो टाकतात. धार सुरेख असते, कारण आता त्यांच्याकडे ग्राइंडर आहे. माझ्यासारखाच.

तुम्ही रोज दुधाशिवायच पिणारे असाल तर मात्र मशीन घेण्यात अर्थ आहे, फिल्टर ती तहान भागवणार नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मशीनमध्ये क्षार साचतात, सायट्रिक ॲसिडने वरचेवर साफ करावं लागतं. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती; रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं, तेव्हा संध्याकाळी जपून. आणि दुकानात गेलात की बारचे आकडे ऐकत बसू नका, एकेरी तळाची बास्केट खोक्यात आहे का ते उघडून बघा. नसेल तर ते मशीन तिथेच ठेवून या.