घर-सल्ला : न्हाणीघराचं पाणी मुरतं कुठे?

प्रश्न : आमच्या पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली आहे. टाइल एकही फुटलेली नाही. एक गवंडी म्हणतो सगळं उखडा, दुसरा म्हणतो वरून केमिकल मारू. कुणाचं ऐकावं? (जुळे सोलापूर)

तूर्त दोघांचंही नको. टाइल शाबूत आहे यावरून काही ठरत नाही. सिमेंटने भरलेल्या जॉइंटमधून पाणी रोजच खाली झिरपतं. ते अडवणं हे टाइलखालच्या थराचं काम. तेव्हा आधी वाट शोधा.

दोन दिवस न्हाणीघर अजिबात वापरू नका. तरीही ओल वाढत राहिली तर संशय भिंतीतल्या पुरवठ्याच्या पाइपवर. प्लंबरकडून टेस्टिंग पंप लावून घ्या आणि तासभर दाबाचा काटा उतरतो का पाहा. ओल थांबली तर दोष सांडपाण्याकडे किंवा जमिनीत. मग नळी थेट न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात, सोडून, जमीन न भिजवता, दहा-बारा बादल्या पाणी ओता. छताचा डाग वाढला तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा गळतो आहे. नाही वाढला तर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी ४८ तास साठवा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा.

सोलापूरच्या कोरड्या हवेत इथेच गफलत होते. उन्हाळ्यात उघडं पाणी नुसतं वाफ होऊनही खाली जातं. म्हणून तिथेच सरळ काठाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यावरही खूण करा. दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली तर गळती नाही, जमिनीवरची जास्त उतरली तर आहे.

दोष ट्रॅपचाच निघाला तर भोवतालचा दीड फुटाचा चौकोन उखडून भागतं. जमीन गळत असेल तर मात्र पहिला गवंडी बरोबर आहे. वरून मारायचं केमिकल जॉइंटमधल्या बारीक भेगा भरतं. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात आणि ट्रॅपच्या कडेला ते टिकत नाही आणि गळती बहुधा तिथेच असते. तो फार तर काही महिन्यांचा दिलासा.

प्रश्न : नवीन घरात ५ × ७ फुटांचं न्हाणीघर करतो आहोत. सासूबाई वॉकरने चालतात, म्हणून उंबरा नको आणि शॉवरचा भागही जमिनीच्या पातळीतच हवा. कामाचा क्रम आणि माल सांगाल का? (होटगी रस्ता)

पहिली गोष्ट स्लॅब ओतण्याआधीची. न्हाणीघराचा स्लॅब खोलीच्या पातळीतच ओतला तर उंबरा काढता येत नाही. तो ८-९ इंच खाली घ्या, म्हणजे संकन ठेवा.

पाइप स्लॅबमधून जिथे जातात तिथे गवंडी विटेचा तुकडा आणि माल कोंबून मोकळा होतो. पुढची निम्मी भांडणं तिथे जन्मतात. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. पाइप पॉलिश पेपरने घासा, भोक न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या पातळ मालाने) भरा, वर पाइपाभोवती अर्ध्या इंचाची खाच ठेवून त्यात पॉलियुरेथेन सीलंट घाला. सगळ्या कोपऱ्यांना दोन इंचांचा गोल वाटा मारा, म्हणजे सिमेंटने कोपरा गोलसर करा. काटकोनात पाणी अडवणारा कोट पातळ बसतो आणि आधी तिथेच चिरतो.

आता संकनला पहिला कोट, दोन घटकांच्या ॲक्रिलिक-सिमेंट लेपाचा. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा, कोपऱ्यांत फायबर जाळी दोन हातांच्या मध्ये. लेप पिशवीवर लिहिलेले दिवस सुकू द्या, मग ४८ तास पाणी भरून पाहा. कंत्राटदार इथे घाई करेल, त्याला करू देऊ नका. टाइल बसल्यावर हीच चूक दहापट महाग पडते.

नंतर भराव हलक्या विटांच्या तुकड्यांचा, पाडकामाचा राडारोडा नको. त्यावर ढाळाचा कोबा. ढाळ कोब्यातच द्यायचा. नुसत्या टाइलच्या मालात दिला तर खालचा लेप सपाट राहतो, झिरपलेलं पाणी त्यावर तुंबतं आणि वास मारू लागतं. दारापासून समोरच्या भिंतीकडे सात फुटांना एक इंच उतार पुरतो. ट्रॅपची जाळी त्या भिंतीलगत ठेवा. कोब्यावर दुसरा लेप आणि पुन्हा पाण्याची चाचणी.

माल असा : जमीन ३५ चौरस फूट, शॉवरच्या तिन्ही बाजू मिळून ११ फूट लांब आणि ७ फूट उंच म्हणजे ७७, दार वगळून उरलेल्या भिंती फूटभर उंच म्हणजे १०. एकूण १२२. संकनचा तळ आणि कडा धरून आणखी ५३. दोन हातांना चौरस मीटरला पावणेदोन ते दोन किलो धरलं तर साधारण ३० किलो लेप लागतो. दुकानदाराने १५ किलोत भागेल म्हटलं तर तो एकच हात मोजतो आहे.

दाराशी चौकट ग्रॅनाइटची घ्या, लाकडी नको. लेप चौकटीखालून खोलीत सहा इंच न्या आणि दारालगत जाळीची लांब चॅनल बसवा. तिचा पाइप मात्र स्वतंत्र ट्रॅपला जोडा. टाइल खडबडीत, आर-११ दर्जाची (पाय न घसरण्याचा दर्जा) घ्या. आधाराच्या दांड्यासाठी लेपाला भोक पडणारच, तेव्हा स्क्रू बसवण्याआधी भोकात सीलंट भरा. दांडा ३३ ते ३६ इंचांवर.

आणखी एक. नळाला रोज पाणी येत नसल्याने पिंप न्हाणीघरात ठेवायची आपल्याकडची सवय. २०० लिटरचं पिंप म्हणजे २०० किलो वजन, आणि त्यात वॉकरची वाट अडते. साठा टाकीत करा, ही जागा मोकळी ठेवा.

प्रश्न : एप्रिलमध्ये हे काम काढलं तर चालेल का? (मुरारजी पेठ)

चालेल, पण लेप सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच मारा. दुपारी तापलेली भिंत लेपातलं पाणी शोषून घेते. मग वर बारीक चिरा येतात आणि हात फिरवला की पीठ निघतं. खिडकीला ओलं गोणपाट लावा. कालवलेला लेप पाऊण तासात संपेल इतकाच घ्या आणि घट्ट झाल्यावर त्यात पाणी घालून सैल करू नका.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने टाइलवर पांढरे थर चढतात. ॲसिडने जातात, पण जॉइंट खचू लागले आहेत. (विजापूर रस्ता)

ॲसिड थरासोबत सिमेंटचे जॉइंटही खातं. खचलेले जॉइंट ३ मिलिमीटर खोल खरवडून, पूर्ण सुकवून, इपॉक्सी ग्राउट भरा. ग्राउट कालवल्यावर लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि टाइलवरचं लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळलं की सुटत नाही. नंतर आठवड्यातून एकदा पातळ सायट्रिक ॲसिडने पुसून धुवा. तसंच ट्रॅपची जाळी उचलून आतलाही थर काढा. क्षाराने तोंड अरुंद झालं की पाणी जमिनीवर जास्त वेळ थांबतं.